सासूबाईंचा वर-खाली होणारा दिवा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे भाजे गावच्या यशोधराबाईंना, कुणी ‘आता हात थांबवा’ म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. पुढच्या खोलीतलं त्यांचं शिवणयंत्र सकाळी वाजलं नाही तर शेजारणी ‘घरात कोण आजारी आहे?’ म्हणून डोकावून जातात. मी तळेगावात वाढलेली, नोकरी करणारी सून. सुरुवातीला या खडखडाटाला वैतागायचे. आता तो नसला की मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळे सुधारले, पण शिवायला बसलं की खोलीतली ट्यूब नेमकी पाठीमागे यायची आणि स्वतःच्याच डोक्याची सावली सुईवर पडायची. ट्यूब हलवून पाहिली. टेबललॅम्प आणला, तर कापड ओढलं की तो आधी जमिनीवर.

त्यातच माझ्या नणंदेच्या मुलीचं, तेजलचं लग्न ठरलं. आमच्याकडे बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. म्हणजे ब्लाउज पांढरा, दोराही पांढरा. घरातल्या प्रत्येक मुलीचा लग्नातला ब्लाउज सासूबाईंच्या हातचा. तेजल मात्र चाचरत म्हणाली, “आजी, या वेळी लोणावळ्याच्या बुटीकमध्ये टाकू का? तुला उगाच त्रास.”

सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. तेजल गेल्यावर भाकरी थापता थापता म्हणाल्या, “नीरजा, तिचा ब्लाउज दुसऱ्या कुनी शिवला ना, तर मी मशीन इकून टाकीन. मग हितं बसून करायचं काय मी?” ही धमकी नव्हती. त्या बोलतात तसं करतात, आणि मशीन गेलं तर त्या खचतील हे मला स्पष्ट दिसत होतं, म्हणून मीच तेजलला फोन करून ब्लाउजचं कापड आणून द्यायला सांगितलं.

मशीन विकायची भाषा करूनही दुसऱ्या दिवशी सासूबाई मशीनचा पाय ठेवायचा तडकलेला पायटा बदलायला मला घेऊन कुसगावच्या भंगारवाल्याकडे निघाल्या. पायटा मिळाला नाही. पण कुठल्याशा जुन्या बंगल्यातून आलेल्या ढिगात एक दिवा होता: चंदेरी ऑइलपेंट फासलेला, खाली दुधी काचेची पसरट छत्री, कडेला टवका उडालेला, वर दोन चाकं, वायरच्या चिंध्या. त्याच पोत्यात चिनी मातीचा एक पांढरा, जड, अंड्याच्या आकाराचा गोळा होता. “ह्यो कापड बेतताना वर ठिवायला लय बरा हाय,” म्हणत सासूबाईंनी तोही घेतला. शिवणारी बाई, तिला जगातल्या सगळ्या जड वस्तू कापडावर ठेवण्यासाठीच बनवल्यासारख्या वाटतात.

“आई, घरात भंगार कमी आहे का?” माझा नवरा प्रज्ञेश म्हणाला. सासूबाईंनी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडलं. मी दिव्याचा फोटो काढून मोबाइलला विचारलं, तर तो म्हणाला, टांगती कुंडी. दुसऱ्या बाजूनं काढला, तर म्हणाला, देवळातली हंडी. मी नाद सोडला.

रंग उतरवायचं औषध लावून आम्ही दोघी अंगणात बसलो. रंगाची सालं निघाली आणि खाली पितळ. सासूबाईंनी चिंच-मिठानं असं घासलं की त्यात तोंड दिसावं. मळवलीच्या वायरमन दिगंबरनं येऊन नवीन होल्डर आणि वायर बसवली. दिवा चाकांवरून मशीनच्या वर टांगला, हात सोडला, आणि तो सरसर खाली आला. सासूबाईंनी पदरात झेलला म्हणून काच वाचली. मग दिगंबरनं तो वरच गाठ मारून पक्का केला. उजेड छान पडला, पण सुईवर पुन्हा डोक्याची सावली. माझं तोंड उतरलं.

“मावशी, चाकं शोभेची असतील,” दिगंबर म्हणाला.

“शोभेच्या चाकाच्या खाचा झिजत्यात व्हय?” सासूबाई चाकावरून बोट फिरवत होत्या. “रहाटाला एका अंगाला पोहरा, दुसऱ्या अंगाला वढनारा मानूस. हितं वढनारा कोन?”

मी मोबाइल पुन्हा उघडला, आणि या वेळी फोटो न दाखवता ‘चाकांचा जुना दिवा, वर-खाली’ असं लिहिलं. चित्र आलं. जेवायच्या टेबलावरचा दिवा, हवा तेवढा खाली ओढायचा, वर ढकलायचा, आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला चिनी मातीचं पांढरं वजन. मी चित्राकडे बघितलं, मग बेतायच्या टेबलाकडे. वढणारा माणूस तेजलच्या ब्लाउजच्या अस्तरावर आरामात बसला होता.

आम्ही इतक्या हसलो की प्रज्ञेश बाहेरून धावत आला.

काम अजून संपलं नव्हतं. वजन अडकवलं तरी दिवा हळूहळू खाली घसरायचा. गोळ्याचं पितळी झाकण फिरवून पाहिलं, तर आत पोकळ. भरलेलं काय होतं ते कधीच सांडून गेलं असणार. सासूबाई उठल्या आणि फळीवरून एक डबा काढून आणला. मोडलेल्या सुया! कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून त्या आयुष्यभर साठवत आल्या होत्या. सोबत गंजलेले हूक, जुन्या बॉबिन. मूठमूठ भरत गेल्या, मी दिवा धरून “अजून, अजून” म्हणत गेले. दिगंबरनं भार पेलायला पोलादी तार घातली. तार आणि वायर मिळून चाकावर अडकायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनी दोन्हींवर सुती कापडाची नळी शिवून चढवली.

दिवा ओढला, मशीनच्या सुईपाशी आला आणि थांबला. वर ढकलला, तिथं थांबला. “मावशी, जमलं की वो!” दिगंबर नाचायचाच बाकी होता. सावली आता पार मागच्या भिंतीवर होती. सासूबाईंनी पांढरा दोरा घेतला आणि पहिल्याच फटक्यात सुईत ओवला. त्यांना इतकं खूश मी प्रज्ञेशच्या नोकरीच्या बातमीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

ब्लाउज घालून तेजलनं दोन्ही हात वर केले, वळून पाहिलं. कुठं ताण नाही, चुणी नाही.

“आजी, चुकले मी,” ती म्हणाली.

“चुकली न्हाईस. दिसत न्हवतं हे खरंच व्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “आता दिसतंय.”

कामशेतच्या हॉलमध्ये लग्न लागलं. फोटो चालू असताना नवरदेवाकडच्या एक बाई तेजलची बाही उलटून शिवण बघत होत्या. “कुठल्या बुटीकमधला गं?” त्यांनी विचारलं. तेजल तोंड उघडायच्या आत सासूबाई खुर्चीतून उठल्या.

“म्या शिवलाय,” त्या इतक्या खणखणीत आवाजात म्हणाल्या की फोटोग्राफरही थांबला. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाईंनी बाही सोडली. “माझ्या सुनेचेही शिवाल का?”

“मापाचा ब्लाउज घिऊन या,” सासूबाई म्हणाल्या.