वारलू शिपायाचा पूल

माझा आजा वारलू कामठीच्या छावणीत पायदळाचा शिपाई होता. हे ज्याला ठाऊक नाही, तो आमच्या घरी कधी चहा प्यायला नसणार.

आजा विसाव्या वर्षी भरती झाला. बुटांनी त्याचे पाय सोलून काढले. कवायतीला बूट पायात, रस्त्याला खांद्यावर. अठराशे सत्तावन्नच्या पुढच्या साली बंडवाल्यांना धुंडत त्याची पलटण भामरागडकडच्या जंगलात शिरली. बंडवाला एकही दिसला नाही. आज्याने गोळी झाडली ती रानडुकरावर, तीही चुकली. एवढं मात्र मी सांगताना गाळायचो.

पावसात नाला फुगला, दारूगोळ्याच्या बैलगाड्या रुतल्या. आज्याला जवळच्या गावाच्या शिवेवर वीस-पंचवीस उभे दगड दिसले, अगदी आयते. चौघांना घेऊन त्याने ते उपटले, नाल्यात आडवे टाकले. गाड्या पार झाल्या आणि आजा शिपायाचा नाईक झाला. पुढे पेन्शनीत आला, तरी ही गोष्ट त्याने स्वतःहून कधी सांगितली नाही. माझा बाप त्याला नम्रपणा म्हणायचा. नम्रपणा आमच्या घरात आज्यानंतर कोणाला मिळाला नाही. पन्नास वर्षं मी पारावर हा पूल बांधत राहिलो, आणि दर खेपेला तो हातभर लांब होत गेला.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं, चौदा एप्रिलला समाज मंदिरात आज्याच्या नावाची फरशी बसवायची. तिच्यावर त्या गावाचं नाव हवं होतं. बापाने सांगितलेल्या खुणेवरून मी मार्चमध्ये तिकडे गेलो.

नाल्यावर जंगू नावाचा म्हातारा माडिया आदिवासी भेटला. दगड अजून तसेच आडवे होते. तो मात्र शेजारून गुडघाभर पाण्यात उतरला.

"भाऊ, इकडून या."

"काऊन जी? दगडं असून पाय काऊन भिजवू? अन् हा पूल कोनाचा, माहीत हाये? माह्या आज्याचा!" असं म्हणून मी मधल्या दगडावर चप्पल आपटून दाखवली.

जंगू पाण्यातच वळला. "तुमी ज्याच्यावर उभे हा, तो कोन्या बाईचा असन. मानूस मेला का आमी त्याच्या नावानं दगड उभा करतो. गोऱ्याचे शिपाई आले, सारे पान्यात पाडले."

माझ्या पुढे दगड, मागे दगड. मी धोतरासकट पाण्यात उडी मारली.

"मंग परत उभे काऊन नाई केले?"

"कोनता कोनाचा, हे जाननारी म्हातारी त्याच साली मेली. एकाच्या नावानं दुसऱ्याचा कसा उभा करावा? मनून आमी पान्यातून जातो." मग तो म्हणाला, "एक म्हातारा शिपाई मागून लय वर्सानं आलता मनते. दगडं उभे कराले पाहे. आमच्या लोकायनं हाकलला."

गावाचं नाव मी विचारलंच नाही.

चौदा एप्रिलला फरशीवर निळा पडदा होता आणि दोरी माझ्या हातात दिली होती. मी म्हणालो, "माह्या आज्यानं पूल नाई बांधला. त्यानं दुसऱ्याचे मेलेले मानसं पान्यात टाकले, अन् मी त्यायच्यावर चप्पल घालून नाचलो."

लोक हसले. मागून वस्तीतला दसरू ओरडला, "सोमाभाऊ, आजच्या दिवशी तरी सीधं बोला जी!"

मी पुन्हा सांगितलं. ते आणखी हसले. एका बाईने हसून हसून पदराने डोळे पुसले. माझ्या गोष्टींवर हसायची सवय यांना मीच लावली होती. फक्त माझी बायको रुखमा हसत नव्हती. नाल्यावरून आल्यापासून मी जेवताना गप्प असतो, हे तिनेच पाहिलं होतं.

"ओढा ना दोरी!" पोरं ओरडू लागली. मी ती हाताला गुंडाळून घेतली आणि तिसऱ्यांदा, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी रानडुकरासकट.