तिचा नाताळ

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या बसमध्ये रोज दिसणारी ती तरुणी इथिओपियाहून शिकायला आली होती, एवढंच मला ठाऊक. नाव कधी विचारलं नाही. जानेवारीच्या सात तारखेला सकाळी ती रंगीत काठांची पांढरीशुभ्र शाल डोक्यावरून घेऊन चढली. गर्दीत शाल घसरली की ती सावकाश सारखी करी.

"आज नाताळ," ती म्हणाली.

कंडक्टर हसला. "तो तर कधीच झाला."

"तुमचा झाला. आमचा आज आहे."

मी बदलीवर आलेला बँकवाला, सोयीने रविवारी पाडवा उरकणारा. यंदा रजा टाकली आणि पाडव्यालाच बालीगंजच्या घराच्या गॅलरीत गुढी उभारली.

शेजारचे बंगाली गृहस्थ म्हणाले, "नववर्ष तर पुढच्या महिन्यात."

मी तिच्यासारखंच शांतपणे सांगितलं, "तुमचं. आमचं आज आहे."