चौथ्या मजल्यावरची पंगत

उमेळ्यात मंदा चुरींच्या केळीच्या वाडीला लागून बॅप्टिस्ट ठेकेदाराची इमारत उभी राहू लागली, ते सत्त्याण्णव साल. मंदामावशींना त्या इमारतीचं काही कौतुक नव्हतं. पण उन्हातान्हात राबणारी माणसं दुपारी चहात पाव बुडवून पोट भरतात, हे त्यांना बघवेना. कुंपणावरून आधी पाण्याचा हंडा गेला, मग डाळीचं पातेलं, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या अंगणात रोज कामगारांची पंगत बसू लागली. तांदूळ नि मासळी बॅप्टिस्ट आणून टाकायचा, मावशी रांधायच्या. त्यांचे यजमान जगन्नाथराव शाळेतून निवृत्त झालेले. ते हौसेने वाढायचे.

एका सकाळी मावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, तेवढ्यात धप्प आवाज झाला. भिंतीबाहेरच्या बांबूच्या परांचीवरून काशीराम खाली आला होता. जव्हारकडचा हा हसतमुख गडी रेतीच्या ढिगावर पडला म्हणून वाचला. खांद्याचं हाड मात्र मोडलं. दवाखान्यातून आणल्यावर मावशींनी त्याला आपल्याच ओटीवर ठेवून घेतलं आणि बॅप्टिस्टला विचारलं, की माणसं पडू नयेत म्हणून काही असतं की नाही? कमरेचे पट्टे असतात, तो म्हणाला. आणलेतही, पण कोणी घालत नाही. पट्टे सिमेंटच्या खोलीत होते. प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा उघडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पंगतीत जाहीर केलं, की ज्याच्या कमरेला पट्टा त्याला तळलेले बोंबील, बाकीच्यांना नुसता डाळभात. आठवडा उलटायच्या आत झाडून सगळे पट्टे घालून जेवायला येऊ लागले. मावशी खूष झाल्या. एके दुपारी ओटीवर एका हाताने लसूण सोलत बसलेल्या काशीरामला हसू आवरेना. मग त्याने सांगून टाकलं, की पट्टे जिन्याच्या तळाशी एका खिळ्याला टांगलेले असतात. जेवायला येताना घालायचे, जाताना परत टांगायचे.

दुसऱ्या दिवशी मावशींनी बोंबलांची परात डोक्यावर घेतली आणि थेट इमारतीचा जिना चढू लागल्या. प्रत्यक्ष वर जाऊनच बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. घरातल्या माळ्यावरही कधी न चढलेली ही बाई. जिन्याला कठडा नव्हता. त्या भिंतीला खेटून, खाली न बघता चौथ्या मजल्यापर्यंत पोचल्या. तिथे भिंतीही उठल्या नव्हत्या. वारा सुटला होता, आणि पार खाली अंगणात जगन्नाथरावांचं टक्कल चमकत होतं. ते दिसलं मात्र, मावशींच्या डोक्यावरची परात कलली. परात कोणीतरी धरली. मावशी मटकन खाली बसल्या आणि त्यांनी जवळच्या खांबाला मिठी मारली.

थॉमस मिस्त्रीने, म्हणजे तिथल्या मुख्य गवंड्याने, हात धरून खाली न्यायचा प्रयत्न केला. त्या खांब सोडेनात. शेवटी त्याने खालून पट्टा मागवला, त्यांच्या कमरेला बांधला आणि त्याचा हूक जाड दोराने खांबाला जखडला. हळूहळू मावशींचा श्वास ताळ्यावर आला.

"आता जरा बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही का रे वाटत असं?"

मग थॉमसच म्हणाला, "मावशी, पट्टा घालू हो. पण परांचीवर हूक अडकवायला आहे काय? तिथे दोर कुठे ताणलाय?"

मावशींना हे नवीनच होतं. निरोप मिळून बॅप्टिस्ट धापा टाकत वर आला. तोही भिंतीला खेटूनच आला, हे सगळ्यांनी पाहिलं.

"मंदाताई, चला खाली."

"बॅप्टिस्टभाऊ, माझे पाय उचलत नाहीत. जिन्याला कठडा बांधा, मग येते. आणि या पोरांना हूक लावायला दोर द्या."

त्याने समजावलं, विनवलं, देवाची शपथ घातली. पण मावशींचे पाय खरंच हलत नव्हते. अखेर बांबू आणि काथ्या वर आला आणि माणसं एकेका मजल्याचा कठडा बांधायला लागली. पंगत त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच बसली. जगन्नाथरावांनी भाताचं पातेलं आणलं नि बायकोशेजारी बसून तेही जेवले. उन्हं कलता कलता मावशी कठडा घट्ट धरून, पाठीमागे थॉमसला पट्टा धरायला लावून, पायरी पायरी खाली उतरल्या.

आठवडाभरात परांचीवर जाड दोर ताणले गेले, लिफ्टच्या खड्ड्यावर फळ्या पडल्या. हूक लावल्याशिवाय थॉमस कोणाला परांचीवर पाय ठेवू देईना. काशीराम बरा होऊन परतला आणि इमारत पुरी होईपर्यंत तिथेच राहिला. त्यानंतर तिथे कोणी पडलं नाही.

पुढे आगाशीला नवं काम निघालं, तेव्हा बॅप्टिस्ट जेवणाचं विचारायला पुन्हा मावशींकडे आला. चहा होईपर्यंत त्याने स्वतःहून सांगितलं, की कठडे आधीच बांधलेत, दोरही ताणलेत.

गावात मात्र मंदाताई सत्याग्रहाला बसल्या होत्या, असंच बोललं गेलं. मावशींना त्याची मोठी लाज वाटायची. "कसला सत्याग्रह?" त्या म्हणायच्या. "मी घाबरले होते हो."