पाच किलोचा सिलिंडर

दादरच्या एका गल्लीत शेगड्यांचं दुकान आहे. तिथे मी दोन सिलिंडरांसमोर उभा होतो. एक दोन किलोचा, एक पाच किलोचा. वरच बर्नर बसणारे, कॅम्पिंगला नेतात ते.

"माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

"एक."

"रात्री किती?"

घरी एक रात्र सांगितली होती. ऑफिसातल्या मित्राची मुरबाडला जमीन आहे, तिथे तंबू ठोकून आम्ही सगळे राहणार, असं. सगळे वगैरे कुणी नव्हतं. मी एकटाच जाणार होतो, आणि परत कधी यायचं ते मुद्दामच ठरवलं नव्हतं.

"बघू," मी म्हटलं.

"एकट्याला दोन किलोचा बख्खळ झाला, साहेब. पाच किलोचा नेऊन काय, संसार मांडताय तिकडे?"

मी पाच किलोचा उचलला.

परळच्या घरात आई आणि मी, दोघंच. माझं लग्न झालं नाही, आणि आईने अंथरूण धरल्यावर तो विषयही निघेनासा झाला. दिवसा बाई असते, संध्याकाळपासून मी. भरवणं, कूस बदलणं, रात्रीच्या हाका. शेजारी श्रावणबाळ म्हणतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो.

घरात सिलिंडर टेकवला तसा ठण्णकन आवाज झाला.

"काय हाडलंस रे?" आईने विचारलं. मग म्हणाली, "हय आण. फडका भिजवन दी."

चाळीत असताना ती सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायची. आत गॅस असेल तिथवर ओल टिकते, वरचा रिकामा भाग लगेच सुकतो. त्यावरून किती दिवस जातील ते सांगायची. आता तिला नीट दिसत नाही. फडकं फिरवून तिने तळवा वरून खाली नेला.

"एका रातीक एवढो गॅस?"

"अगं, ग्रुप आहे ना त्यांचा," ठाण्याहून आलेली बहीण म्हणाली. माझ्या जागी तीच राहणार होती.

आईने तोंड माझ्याकडे वळवलं. हात सिलिंडरवर तसाच.

"तांदूळ कितके घेतलंस?"

"अर्धा किलो."

"वायंच जास्त घे. तांदूळ सरतले नि गॅस उरतलो."

बस्स, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

मुरबाडला एकदा चहा केला. खिचडी टाकलीच नाही. तंबूत पडलो तो कान देऊन, जणू पलीकडून हाक येणार होती. उजाडल्यावर आवरून निघालो.

"इतक्यात? अरे, मी रजा वाढवून घेतली असती की," बहीण म्हणाली.

आईने पुन्हा फडकं मागितलं. तळवा खाली नेता नेता म्हणाली, "भरलेलोच आसा." आणि कूस बदलायला माझ्याकडे हात केला.

बहिणीला वाटतं, मी आईच्या ओढीने आलो. तसं नाही. आईला कळलं होतं म्हणून आलो. कळलं नसतं तर तो सिलिंडर संपेपर्यंत राहिलो असतो. त्यानंतरचं मला सांगता येत नाही.

सिलिंडर आता आईच्या खाटेखाली आहे. बहीण म्हणते, विकून टाक.

"रवांदे थंयच," आई म्हणते. "सरूक नाय अजून."