नॉर्मल म्हणून माझं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. रुग्णाच्या रक्ताची एखादी खास तपासणी लावली, की शेजारी एका धडधाकट माणसाच्या रक्ताची स्लाइड ठेवायचीच. दोन्हींना एकच औषध, एकाच वेळी. धडधाकट रक्तातही गडबड दिसली, तर औषध बिघडलं असं समजायचं. आता रोज धडधाकट रक्त आणायचं कुठून? ते आम्हा शिकाऊ लोकांच्या बोटातून यायचं. आम्ही तिघं होतो. बाकीचे दोघं सुई पाहिली की पांढरे पडत, म्हणून मीच बोट पुढे करायची. त्याचा मला चांगलाच ताठा होता. कोंढ्याकडची पोर मी, दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावणारी. माझं रक्त नॉर्मल नाही तर मग कोणाचं?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मी वर्षभराच्या प्रशिक्षणाला लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि त्यात एका डोळ्याचा मायक्रोस्कोप. त्याच्या खाली आरसा होता. खिडकीतला उजेड आरशावर धरायचा, तेव्हा कुठे वरून दिसायचं. आभाळ भरून आलं की सर म्हणत, "आता बसा पुस्तकं घेऊन." सर म्हणजे आमचे टेक्निशियन. नाकावर माशी बसू देत नसत, पण शिकवायला बसले की तासन्‌तास उठत नसत.

पहिल्यांदा रक्त पाहिलं तो दिवस मला अजून आठवतो. बोटावर लाल दिसणारा थेंब आत फिक्कट पिवळा होता, आणि त्यात गोल गोल पेशी, मोजता मोजता थकावं इतक्या. काही हळूहळू सरकत होत्या. मी श्वास धरून पाहत राहिले. हे सगळं माझ्या आत कधीपासून चाललंय आणि मला पत्ताच नाही, याचं मला इतकं नवल वाटलं की डबा खायचंही राहिलं. सर म्हणाले, "पाय, पाय. एवढ्याशा थेंबावरून अख्ख्या माणसाचं सांगाचं असते आपल्याले." शितावरून भाताची परीक्षा आमच्या घरी रोज व्हायची. थेंबावरून माणसाची होते, हे तिथे कळलं.

घरी माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण होती. तिची मात्र परीक्षा आम्ही कधीच करून टाकली होती. ती कामचोर, असा घरादाराचा निकाल. रोवणी लागली, पाण्यात दोन दिवस उभी राहिली, की तिची हाडं दुखू लागायची. रात्र रात्र विव्हळायची. माय मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळायची. बाबा म्हणत, "जेवाच्या वक्ती नाही दुखत हाडं. काम आलं का दुखतेत." मीही काही मागे नव्हते. तिच्या वाटणीचे परे मला लावावे लागत, म्हणून मी तिला 'राणी' म्हणायची. तिचे डोळे पिवळसर दिसायचे, तेही आम्ही झोपून झोपून झालेत असं ठरवलं होतं.

पावसाळ्यात, रोवणी सुरू होता होता, लाखांदूरकडचं एक लेकरू दवाखान्यात आलं. हातपाय सुजलेले, अंगात रक्त नाही. डॉक्टरांनी सिकल सेलची तपासणी सांगितली, आम्ही आल्यापासूनची ती पहिलीच. सरांनी आम्हाला समजावलं, की काही लोकांच्या रक्तातल्या गोल पेशी हवा कमी पडली की विळ्यासारख्या वाकतात. एका औषधाच्या थेंबात रक्त मिसळायचं, वर काच ठेवायची, कडा व्हॅसलिननं बंद करायच्या आणि अर्धा तास थांबायचं. मी लेकराची स्लाइड केली आणि शेजारी माझी.

अर्ध्या तासानं सरांनी लेकराची स्लाइड पाहिली आणि मान हलवली. मग माझी पाहिली. डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं.

"स्लाइडी अदलाबदल केल्या का तू?"

"नाही सर."

"मग दोन्हीत काहून दिसून राहिलं?"

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरांनी औषध ओतून दिलं, नवीन बनवलं, आणि या वेळी स्वतःचं बोट टोचून तिसरी स्लाइड केली. मला वाटलं, आता मला घरी पाठवतात. अर्ध्या तासानं सरांनी तिन्ही स्लाइडी ओळीनं पाहिल्या. सरांच्या स्वतःच्या पेशी गोल होत्या. ते उठून उभे राहिले आणि एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "बस पोरी. तूच पाय."

मी डोळा लावला. त्याच माझ्या पेशी, पण आता टोकदार, वाकलेल्या. धान कापायचे विळे कोणी ढीग करून टाकावेत तशा. मला भीती वाटायला हवी होती. आधी वाटलं ते नवलच. किती दिवस मी 'नॉर्मल' म्हणून बोट पुढे करत होते.

सरांनी सांगितलं, की मला काही होणार नाही. हे आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत राहतो. दोघांकडून आलं तर मात्र आजारी पडतो. आणि मग सहज विचारलं, "घरी कोणाचे हाडं दुखतेत का? थंड्या पान्यात?"

मला रडूच फुटलं.

मी घरी निरोप धाडला आणि आठ दिवसांत बाबा बहिणीला घेऊन एस.टी.नं आले. ऐन रोवणीत यावं लागलं म्हणून कपाळावर आठ्या. सरांनी मलाच तिचं रक्त घ्यायला लावलं. तिची साधी स्लाइड केली, ते औषध न घालताच, आणि पाहिली. गोल पेशींमधे विळे आधीपासूनच पडलेले होते. माझ्या पेशींना वाकवायला औषध लागत होतं, तिच्या अंगातच वाकत होत्या. तेल चोळून तिथवर काय पोचणार होतं.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमच्या घरी असं काही नाही. हिच्या मायकडून आलं असन."

"एकीकडून येऊन एवढं नाही होत," सर म्हणाले. "द्या बोट."

अर्ध्या तासानं मी खिडकीतला उजेड आरशावर धरला आणि बाबांना बसवलं. आधी त्यांना काही दिसेना, ते दोन्ही डोळे मिटत होते. मग दिसलं. ते इतका वेळ पाहत राहिले, की दारातले रुग्ण आत डोकावू लागले.

"हे माह्यं रगत होय?"

"हो बाबा."

"इळेच इळे हायेत."

बहीण बाकावर बसली होती. तिनं तिची स्लाइड पाहायला मागितली. एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं, आणि मशीनवरून डोळा न काढता म्हणाली, "मी खोटी नव्हती बोलत."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि गारठ्यापासून जपायला सांगितलं. त्यापलीकडे तेव्हा आमच्या हातात फारसं काही नव्हतं.

शनिवार होता, म्हणून मीही त्यांच्यासोबत घरी निघाले. कोंढ्याला एस.टी.तून उतरलो. तिथून आमच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, जायची जवळची वाट धानाच्या बांध्यांमधून होती, आणि बांध्या पाण्यानं भरलेल्या. बहिणीनं सवयीनं चपला हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं.

"थांब," बाबा म्हणाले. "पान्यात पाय नोको घालू."

त्यांनी तिच्या हातातल्या चपला घेतल्या, खाली वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या, आणि आम्ही तिघं सडकेनं, लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.