हॅलोजनपुढचा अंतरपाट

“आज आभाळ साफ आहे, भाऊ,” असं तो ज्या आवाजात सांगायचा, त्या आवाजात आपण घरात कुणाला तरी पुन्हा ताप चढल्याचं सांगतो. लग्नाच्या हॉलच्या दाराशी, खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधी, तो एवढं एक वाक्य सोडायचा आणि मान खाली घालून आत जायचा, हार घालणाऱ्यांचे फोटो काढायला.

सदर बाजारात त्याचा छोटासा स्टुडिओ होता. जबलपूरच्या आम्हा मराठी माणसांच्या घरांतली निम्मी लग्नं त्यानंच काढली असतील. सगळे त्याला फोटोभाऊ म्हणायचे. तुमच्याही गावात असा एक जण असेलच, कुठल्या मावशीचा कुठला गाल फोटोत बरा येतो हे ज्याला पाठ असतं.

त्याचं दुखणं साधं होतं. त्याला ताऱ्यांचे फोटो काढायचे होते आणि कॅमेरा एकच होता. आभाळ स्वच्छ असतं थंडीत, आणि थंडीत लग्नं. चातुर्मासात लग्नं नसतात, तर तेव्हा आभाळही साफ नसतं. “देवानं टाइमटेबल काहून असं बनवलं असेल?” तो विचारायचा. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेला माणूस; टाइमटेबल कोण आणि का बनवतं, हे मलाही कधी कळलेलं नाही.

खूळ लागलं ते मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या एका फोटोमुळे. त्यात सगळे तारे एका ठिपक्याभोवती गोल फिरलेले. ठिपका ध्रुवाचा. आता तुम्हाला माहीत आहेच, सप्तपदीनंतर नवरानवरीला ध्रुव दाखवतात. हॉलमध्ये कुठला आलाय ध्रुव? गुरुजी बोट वर करतात, जोडपं वर पाहतं, फोटोभाऊ बटण दाबतो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या आल्बममध्ये मी आणि बायको अतिशय भक्तिभावानं एका ट्यूबलाइटकडे पाहतो आहोत. संसारही साधारण तसाच झाला. मधूनमधून फडफडतो, पण चालू आहे.

“जिंदगीभर बोटाचा फोटो काढला, भाऊ,” तो म्हणायचा. “ताऱ्याचा एक तरी निघाला पाहिजे. खरा ध्रुव, अन् खाली नवरानवरी. एकच.”

दुर्बिणीचं त्याच्यापाशी नाव काढायची सोय नव्हती. “ते ताऱ्यांसोबत फिरणारं मशीन लागते नं खाली, तेवढ्या पैशात माझं दुकान येते.” म्हणून तो न फिरणाऱ्या तिपाईवर भागवायचा. रिमोट नव्हता, तर बटणावर एक चिंचोका आणि त्याच्यावर रबरबँड. कॅमेरा आपला एकामागून एक फोटो काढत राहायचा. लेन्सवर दव बसू नये म्हणून तिच्याभोवती बायकोचा लोकरी मोजा आणि मोज्यात गरम पाण्यानं भरलेली औषधाची बाटली. मग ते सगळे फोटो फुकटातल्या सॉफ्टवेअरनं एकावर एक चढवायचे, की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. दुकानातला कॉम्प्युटर त्या कामानं इतका दमायचा, की सकाळी पासपोर्ट फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक परत जायचं. “लटकून राहिला आहे,” तो सांगायचा. कॉम्प्युटर की हा स्वतः, हे चेहऱ्यावरून ठरत नसे.

माझ्या मोठ्या मुलीचं लग्न जबलपूरबाहेर, पनागरच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर ठरलं. मार्गशीर्ष, गोरज मुहूर्त, आणि लॉनच्या मागे उत्तरेला नुसती मटाराची शेतं. फोटोभाऊ एकटाच जाऊन जागा पाहून आला आणि तसाच आमच्या घरी आला.

“एक घंटा द्या, भाऊ. ध्रुव दाखवणं झालं की कॅमेरा तिथंच राहील. तेवढ्या वेळात स्टेजवरचे फोटो नाही निघणार.”

“आणि आहेर? व्याह्यांकडची माणसं?” बायकोनं विचारलं.

“नाही निघणार, वहिनी.”

मी तोवर इतका थकलो होतो, की कुणी मांडव पेटवू का म्हणून विचारलं असतं तरी ‘बघा बुवा’ म्हणालो असतो. “बघा बुवा,” मी म्हणालो. माझं मन बदलायच्या आत तो चहा न घेताच निघून गेला.

सप्तपदी झाली. शालू सावरणारी मुलगी, मुंडावळ्या सावरणारा जावई, कुरकुरणारे गुरुजी आणि मी, अशी आमची वरात खरकट्या भांड्यांच्या टबांमधून वाट काढत मागच्या कुंपणापाशी गेली.

“तारा दाखवायचा असतो,” गुरुजी म्हणाले, “दिसलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?”

पण दिसला. आपल्याकडे ध्रुव ठेंगणाच. शेतापलीकडच्या झाडांच्या जरासा वर. गुरुजींनी बोट केलं आणि ते स्वतःच वर पाहत राहिले.

“हलू नका, ताई. श्वास घ्या, पण हलू नका.” अर्धं मिनिट दोघं खांबासारखी उभी राहिली. मग ती दोघं गुरुजींबरोबर निघाली, फोटोभाऊनं चिंचोका बसवला, आणि नेमका तेव्हाच कॅटररच्या माणसानं भांड्यांवरचा हॅलोजन लावला.

“भैया, बंद करो!”

“अच्छा? अंधेरे में बर्तन आप धोओगे?”

त्याचंही बरोबर होतं. फोटोभाऊनं इकडेतिकडे पाहिलं. निघालेल्या गुरुजींच्या खांद्यावर अंतरपाट होता, मघाशी नवरानवरीच्या मधे धरलेला. “द्या जी,” म्हणत त्यानं तो काढूनच घेतला, एक टोक मांडवाच्या बल्लीच्या खांबाला बांधलं आणि दुसरं हातात उंच धरून हॅलोजनपुढे उभा राहिला. उजेड अडला. आता तासभर तो हात खाली येऊन चालणार नव्हतं.

मी एक टब पालथा घालून त्याच्याजवळ टेकलो. पहाटेपासूनचं माझं ते पहिलं निवांत बसणं. स्टेजवरून माइकवर पुकारा सुरू झाला, “फोटोवाले भैया जहाँ भी हों, स्टेज पर आएँ!”

“जाऊ का, भाऊ?”

“हात वर ठेवा,” मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात कुणाला काही सांगितलेलं नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “बायको विचारते, याच्यात काय मिळते तुम्हाले. काय सांगू तिले? लोकायच्या चेहऱ्यांनी थकून गेलो मी. ताऱ्यांना ‘हसा’ म्हणावं लागत नाही.”

मी जरा ते टोक धरू का, असं विचारलं.

“तुम्ही झोपाल.”

आणि मी झोपलोच. पाठवणीच्या वेळी वधूपिता भांड्यांच्या टबावर घोरताना सापडला, हे आमच्या घराण्यात अजून सांगतात. मला हलवून उठवलं तेव्हा तो तसाच उभा होता.

आल्बम आला तेव्हा जावयाच्या आत्याबाईंनी तो दोनदा उलटून पाहिला. “माझ्या आहेराचा फोटो कुठाय? पैठणी नेसून उभी होते मी!”

“कॅमेरा जरा गुंतला होता,” मी म्हणालो.

“कशात?”

“ध्रुवात.”

त्यांनी आल्बम मिटला. पण गोष्ट फिरली. फोटोभाऊ लग्न टाकून तारे काढत बसतो, असं घरोघर झालं. मी जमेल तिथं सारवासारव केली; माझं ऐकायची कुणाला सवय नाही. पुढच्या थंडीत ड्रोनवाली पोरं आली, त्याला मोजकीच कामं मिळाली, नंतर त्याहून कमी. त्यानं कुणाला बोल लावला नाही. “निघाला नं एक,” म्हणायचा, “चलो, झालं.” स्टुडिओ बंद करून तो नागपूरला मुलाकडे गेला. गेल्या भाद्रपदात तो वारल्याचं कळलं.

तो फोटो मुलीच्या पुण्याच्या घरात लावलेला आहे. खाली ती दोघं, इवलीशी. वर ताऱ्यांच्या रेघा, पूर्ण गोल नाहीत, तासाभरात वाकतील तेवढ्याच. मधे ध्रुव. उजव्या कडेला मात्र फोटोभाऊचं एक कोपर आणि अर्धी माकडटोपी आलेली आहे. फ्रेम करताना जावई म्हणाला होता, “पप्पा, एवढं कापून टाकू या ना?” मुलगी नको म्हणाली.

परवा तिच्याकडे गेलो होतो तेव्हा चष्मा लावून जवळून पाहिलं. कोपरावर हॅलोजनची उजळ कड पडली आहे. हात भरून येऊन जसजसा खाली आला, तसतशी त्या कडेचीही रेघ झाली आहे, ताऱ्यांसारखीच वाकलेली. खाली, खाली, आणि मग पुन्हा जराशी वर.