आडसाली की सोयाबीन

सांगलीच्या एका खाजगी कर्करोग रुग्णालयात अनीशला बसायला जी खोली दिली होती, तिच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती आणि आत सलाइनच्या रिकाम्या खोक्यांची रास. मनाच्या दुखण्याला आपल्याकडे इमारतीत एवढीच जागा मिळते. तीही नियमात लिहिले आहे म्हणून. अनीश मूळचा वाईचा, पंचेचाळिशी ओलांडलेला, एकटा. पुण्यात राहून त्याने अस्तित्ववादी मानसोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले होते. त्या पद्धतीचे सार असे, की आपण मरणार हे माणसाला आतून ठाऊक असते आणि उरलेल्या आयुष्याचे काय करायचे याची निवड त्याची त्यालाच करावी लागते. समुपदेशकाने त्याला धीराचे घोट पाजायचे नसतात. त्या सत्यासमोर त्याच्या शेजारी बसायचे असते. वर्गात हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण ज्या मुलखात रोगाचे नाव सगळ्या भावकीला सांगतात आणि फक्त रोग्याला सांगत नाहीत, तिथे शेजारी बसायचे म्हणजे काय करायचे, हे पुण्यात कुणी शिकवले नव्हते.

म्हणून अनीशही इतरांसारखाच वागत आला होता. डॉक्टर चिठ्ठी पाठवत, “जरा हिंमत द्या.” नातेवाईक दाराशी गाठून बजावत, “नाव काढू नका.” आणि तो गाठीला सूज म्हणत हिंमत देत राही. रोज संध्याकाळी घरी जाताना आपण नेमका कुठला धंदा करतो, हा प्रश्न त्याला पडे. उत्तर मिळायच्या आत पगाराचा दिवस उजाडे.

त्या जूनमध्ये उंब्रजजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातून सुभेदार आप्पासो आले. फौजेतून निवृत्त होऊन ऊसशेती करणारा ताठ गडी. पोटातला रोग यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरांच्या मते दिवाळी दिसणे अवघड. सुभेदारांच्या आधी त्यांचा धाकटा भाऊ धनाजी एकटाच खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतले.

“सायेब, दादाला अल्सर सांगितलाय. वैनीलाबी त्येच. त्या रोगाचं नाव काढायचं न्हाई.”

“त्यांनी स्वतःच विचारलं तर?”

“इचारत न्हाई त्यो. तुमी निस्ती हिंमत द्या. फौजंचं बोला, क्रिकेटचं बोला. तुमाला काय, बोलायचाच पगार हाय.”

पहिल्या दोन भेटी फौजेवरच गेल्या. तिसऱ्या भेटीत सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सायेब, एक इचारू? मळ्यातलं रान नांगरून तयार हाय. आडसाली लावू, का सोयाबीन टाकू?”

अनीशचे आजोळ कोरेगावकडचे, त्यामुळे प्रश्नाचा अर्थ त्याला तत्क्षणी कळला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे घरात येते. बारमाही पाण्याच्या, उसाच्या अव्वल रानात सोयाबीन पेरणाऱ्याला त्या काठावर लोक खुळ्यात काढतात. सुभेदार पिकाबद्दल विचारत नव्हते. पुढच्या तोडणीला आपण असू का, एवढेच त्यांना हवे होते.

“तुम्हाला काय वाटतं, सुभेदारसाहेब?” अनीशच्या तोंडून पुस्तकातले वाक्य निघाले.

सुभेदार हसले. “आमच्या पलटणीत एक डाक्टर असाच हुता. कुठं दुखतंय म्हणायच्या आत म्हणायचा, तूच सांग. आरं गड्या, मला काय वाटतं ते मला ठावं हाय. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडनं एकदा ऐकायचंय. घरात तोंडंच न्हाईत. सगळी देवाची नावं घेत्यात.”

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. धनाजीने दाराची काच ठोठावली आणि तो पुन्हा निघून गेला.

“सोयाबीन,” अनीश म्हणाला.

सुभेदारांनी मान हलवली, जणू वरिष्ठाने हुकूम दिला होता. त्यांनी पाणी मागितले, सावकाश प्यायले. “बरं झालं. आता कारभारणीला कळाय नगं. अल्सर म्हणून रोज ताजं ताक घुसळून देती. तेवढ्यावर तिचं चाललंय, चालू दे.”

त्या दिवशी अनीशला इतक्या वर्षांत प्रथमच आपले काम केल्यासारखे वाटले. कारभारणीला का कळू नये, हे त्याने विचारले नाही. प्रत्येकाचे मरण त्याचे एकट्याचे असते, असे त्याच्या विद्येचे म्हणणे होते, आणि ते त्याला पाठ होते.

पेरणी झाली तशी धनाजीने रुग्णालयात येऊन आरडाओरडा केला. “माणूस जित्ता असताना ह्यानं सरण रचलं!” व्यवस्थापनाने चौकशी केली नाही, तशी पद्धत नाही. नातेवाईक हजर असल्याखेरीज रुग्णाशी बोलू नये आणि रुग्णाच्या घरी संपर्क ठेवू नये, असा लेखी आदेश तेवढा अनीशच्या हाती आला.

मग एके दुपारी राहीबाई, सुभेदारांची बायको, एकटीच एस.टी.ने आली. खोक्यांच्या राशीजवळ उभी राहिली. बसा म्हटले तरी बसेना.

“न्याहारी घिऊन बांधावर गेले, बगतीय तर पेरणीची कुरी चाललीया, आन् बी सोयाबीनचं. आवं, लगीन करून आले तवापास्नं त्या रानात ऊस सोडून दुसरं काय बगितलं न्हाई मी. मला कळत न्हाई व्हय? तितंच खाली बसले. ह्यांनी लांबनं इचारलं, काय झालं? म्हनलं, पाय मुरगाळला.”

“वहिनी, त्यांनी विचारलं म्हणून मी—”

“सांगितलंसा त्याचा राग न्हाई. एकट्याला का सांगितलंसा? मी काय त्या घरात भाड्यानं ऱ्हाती?”

एका माणसाच्या एकटेपणाशेजारी बसल्याच्या समाधानात अनीशने त्या माणसाला अधिकच एकटे करून घरी धाडले होते. आता तिथे नवरा बायकोपासून लपवत होता आणि बायको नवऱ्यापासून. मध्ये ताकाचा तांब्या.

“तुम्हाला कळलंय, असं त्यांना सांगा,” तो म्हणाला.

“कसं सांगू? जल्मात त्यांचं नाव घिऊन हाक मारली न्हाई, आन् मरणाचं नाव घिऊ?”

“मी येतो घरी. आपण तिघं बसू. सुरुवात मी करीन.”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले. “या. लवकर या.”

तो लवकर गेला नाही. परवानगी मागितली; ती नाकारली गेली. न विचारता जावे, तर नोकरी जाईल. या वयात सांगलीत दुसरी समुपदेशकाची नोकरी कुठून आणायची? माणसाने भीतीसमोर उभे राहून निवड करावी, हे तो इतरांना शिकवत होता, आणि आषाढ-श्रावण त्याने विचारात काढले. यात नवल काही नाही. आपल्याकडे विद्या पोटासाठी असते. पोट आडवे आले की तिला आधी बाजूला सारतात.

भाद्रपदातल्या एका रविवारी अखेर तो गेला. अंगणात धनाजी होता. त्याने अनीशला ओळखले, पण शिवी दिली नाही. नुसते दाराकडे बोट केले. ते पाहूनच अनीशला कळायचे ते कळले.

सुभेदार खाटेवर होते. दुखणे शमवणाऱ्या औषधाने चार दिवसांपासून झोपेत. हाक मारली तर पापणीही हलत नव्हती. उशाशी राहीबाई बसली होती.

“लय उशीर केलासा, सायेब,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

“बोललात का कधी? दोघं?”

“न्हाई. ते म्हनायचे, ताक झ्याक झालंय. मी म्हनायचे, रंग उजळलाय तुमचा. असंच चाललं.” तिने पदराने त्यांच्या ओठांची कड टिपली. “आता बोलले तर ऐकू जाईल का वं त्यास्नी?”

हो म्हणणे फार सोपे होते. धनाजीही दाराशी येऊन त्याच उत्तराची वाट पाहत होता. अनीशने सुभेदारांच्या तोंडाकडे पाहिले.

“मला माहीत नाही, वहिनी.”

तिने दोघांना हाताने बाहेर जायची खूण केली आणि खाटेला आणखी चिकटून बसली.

“नसंना का जात,” ती म्हणाली. “आवं, ऐकताय न्हवं? त्या दिवशी बांधावर माजा पाय मुरगाळला नव्हता.”

अनीशने दार ओढून घेतले. आत ती बोलत राहिली, आणि तिला उत्तर देणारे कुणी नव्हते.